टाके निघाल्यानंतरचं वर्ष

पोट शिवायची वेळ येते तेव्हा थिएटरमधले सगळेच थकलेले असतात. आतड्याचं भोक बुजवून झालेलं असतं, सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या ओतून पोट धुतलेलं असतं, भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघत असतो आणि बाहेर पुढचा पेशंट ट्रॉलीवर येऊन पडलेला असतो. मोठे सर्जन हातमोजे काढतात, ‘क्लोजर कर रे’ असं ज्युनिअरला सांगतात आणि नोट लिहायला बसतात. हे जगभर असंच चालतं, त्यात खानदेशाचं वेगळेपण काही नाही. पण त्या शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत पोटाची भिंत कशी शिवली गेली, यावर तो माणूस पुढच्या हंगामात शेतात उभा राहील की पोटावर फुगा घेऊन ओट्यावर बसून राहील, हे बऱ्याच अंशी ठरतं. बाकीचं ठरतं तो घरी गेल्यावर. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये सर्वांत कमी लक्ष जातं ते याच दोन टप्प्यांकडे. आपल्या भागात तर दुसऱ्या टप्प्याची विचारपूस करणारंच कुणी नाही. म्हणून या दोन्हींचा आज हाती असलेल्या ज्ञानाच्या आधारे आढावा घ्यायला हवा.

धुळे-जळगावात उभी लांब चीर देऊन पोट उघडावं लागतं ते बहुतेक वेळा तातडीने. पित्ताशयाचे खडे, अपेंडिक्स, साधा हर्निया यांची दुर्बिणीची ऑपरेशन्स दोन्ही शहरांत रोज होतात. मोठी चीर उरली आहे ती मुख्यतः फुटलेल्या आतड्यासाठी. अंगदुखीच्या गोळ्या रिकाम्या पोटी खाऊन मजुरी करणारा, तंबाखू-बिडी ओढणारा माणूस अचानक पोट धरून कोसळतो. जठराच्या पुढच्या आतड्याला, म्हणजे ड्युओडेनमला भोक पडलेलं असतं. टायफॉइडचा ताप अंगावर काढला तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लहान आतड्याच्या शेवटी छिद्र पडू शकतं. आतड्याचा टीबी आपल्याकडून अजून गेलेला नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात, त्यामुळे अपघातात यकृत, प्लीहा, आतडी फाटलेले पेशंट रात्री-अपरात्री येत राहतात. बैलाचं शिंग लागून पोट फाटलेला शेतकरीही अधूनमधून येतो. यातल्या काहींना, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल-पावरा वस्त्यांतल्या लोकांना, सिकलसेलचा आजार असतो. तिथे आधीच रक्त कमी, आणि भूल व ऑपरेशनचा धोका त्यामुळे वाढलेला.

ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोहोचणं गेल्या काही वर्षांत सोपं झालं, हे मान्य केलं पाहिजे. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. जळगावचं शासकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झालं आणि जुन्या सिव्हिलला शिकाऊ डॉक्टरांचं बळ मिळालं. नंदुरबारला २०२० मध्ये महाविद्यालय आलं. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होतं. पुढे तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. १०८ची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे. तरीही उशीर होतोच. आधी गावातल्या डॉक्टरचं इंजेक्शन, मग ‘गॅस झाला असेल’ म्हणून एक रात्र, मग ग्रामीण रुग्णालय आणि शेवटी सिव्हिल किंवा हिरे मेडिकल. यात दोन दिवस सहज जातात. तेवढ्यात पोटात पू होतो, आतडी सुजतात, रक्तातलं प्रथिन घसरतं. असं पोट शिवणं ही ठरवून केलेल्या ऑपरेशनपेक्षा फार वेगळी गोष्ट आहे. टाक्यांविषयीचे परदेशातले बरेचसे मोठे अभ्यास ठरवून केलेल्या ऑपरेशन्सवर झाले आहेत, हे पुढचं सगळं वाचताना लक्षात ठेवावं लागतं.

पेशंटला दिसतात ते टाके कातडीचे. ते दहा-बारा दिवसांनी काढले की घरच्यांना वाटतं, झालं, जखम भरली. खरं ओझं वाहतो तो आतला टाका. दोन्ही बाजूंच्या पोटाच्या स्नायूंचे पडदे मध्यरेषेत एकत्र येऊन जो पांढरा, चिवट पट्टा होतो, त्याला तो घातलेला असतो. हा पट्टा फार सावकाश जुळतो. तीन आठवड्यांनी जखमेची ताकद मूळ ताकदीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी असते, दोन महिन्यांनी निम्म्याच्या आसपास येते, आणि पूर्ण मूळची ताकद तिला कधीच परत मिळत नाही. तोवर भार दोऱ्यावर असतो. म्हणून दोरा कोणता, याला महत्त्व आहे. व्हिक्रिल तीन-चार आठवड्यांत आपली बरीचशी ताकद गमावतो, म्हणजे पट्टा जुळायच्या आधीच साथ सोडतो. पीडीएस त्याहून जास्त काळ टिकतो आणि सहा-सात महिन्यांत विरघळतो. नायलॉन आणि प्रोलीन कायम राहतात. ताकद देतात, पण किडकिडीत माणसाच्या कातडीखाली त्यांची गाठ टोचते, कधी तिथून बारीक पू येत राहतो. मध्यरेषेसाठी हळू विरघळणारा एकपदरी दोरा वापरावा, यावर आता जगभर बऱ्यापैकी एकमत आहे.

दोऱ्यापेक्षा मोठा प्रश्न टाका घालण्याच्या पद्धतीचा. इंग्लंडमधले सर्जन जेन्किन्स यांनी १९७६ मध्ये एक साधं गणित मांडलं. ऑपरेशननंतर पोट फुगलं की चीर लांबते, जवळपास तीस टक्क्यांपर्यंत. दोरा आखूड असेल तर तो ताणला जातो आणि पडदा कापत सुटतो. म्हणून चिरेच्या लांबीच्या किमान चौपट दोरा तिच्यात गेला पाहिजे. चीर वीस सेंटीमीटर असेल तर ऐंशी सेंटीमीटर दोरा. हे मोजायला काही लागत नाही. दोऱ्याची मूळ लांबी पाकिटावर छापलेली असते, उरलेला तुकडा पट्टीवर धरायचा आणि वजाबाकी करायची. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि होतं ते फार थोड्या थिएटरांत.

पुढची पायरी स्वीडनच्या आणि नेदरलँड्सच्या सर्जनांनी गाठली. पूर्वीची शिकवण होती की कडेपासून एक सेंटीमीटर आत टाका घ्यावा आणि एकेक सेंटीमीटरवर घालत जावा. डच डॉक्टरांच्या ‘स्टिच’ अभ्यासात ५६० पेशंटपैकी अर्ध्यांना असे मोठे टाके घातले, बाकीच्यांना पाच मिलिमीटर आत आणि पाच मिलिमीटर अंतरावर बारीक टाके. हा अभ्यास २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. वर्षभरानंतर मोठ्या टाक्यांच्या गटात २१ टक्के जणांना चिरेतून हर्निया झालेला होता, बारीक टाक्यांच्या गटात १३ टक्के. वेळ लागला तो फक्त काही मिनिटं जास्त. कारणही समजण्यासारखं आहे. मोठ्या टाक्यात स्नायू आणि चरबी पकडली जाते, ती दाबाखाली मरते आणि टाका सैल पडतो. बारीक टाक्यात फक्त पांढरा पट्टा येतो.

पण हा अभ्यास ठरवून केलेल्या ऑपरेशन्सचा. पू भरलेल्या, फुगलेल्या पोटाचं काय? दिल्लीच्या एम्समधल्या सर्जनांनी तातडीच्या ऑपरेशननंतर पोट फुटण्याच्या प्रश्नावर एक्सच्या आकाराचे सुटे टाके तपासले आणि २००४ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. सलग टाक्यापेक्षा सुट्या टाक्यांत पोट कमी फुटलं, असा त्यांचा निष्कर्ष होता. सलग दोरा एका जागी तुटला किंवा कापत गेला तर सगळी चीर सैल होते, सुटा टाका गेला तर एकच जातो. माझ्या मते आपल्याकडच्या जिल्हा रुग्णालयांनी या दोन मतांत अडकून पडू नये. ठरवलेल्या ऑपरेशनला बारीक सलग टाके, दूषित आणि फुगलेल्या पोटाला ज्या हातांना जे नीट येतं ते. मात्र कुठलीही पद्धत असो, क्लोजर एकट्या नव्या निवासी डॉक्टरवर सोडू नये आणि दोरा मोजल्याशिवाय कात्री लावू नये.

याहून स्वस्त आणि आपल्यासाठी याहून मोलाची एक गोष्ट २०२२ मध्ये सिद्ध झाली. भारतासह सात देशांतल्या ८१ रुग्णालयांत तेरा हजारांहून जास्त पेशंटवर ‘चीता’ नावाचा अभ्यास झाला. पोट शिवायला घेण्याआधी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे आणि शिवण्यासाठी वेगळी, स्वच्छ हत्यारं घ्यायची, एवढाच बदल. जखमेत पू होण्याचं प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. तीन टक्के म्हणजे काय, असं वाटेल. शंभर पेशंटमागे तिघांची जखम पिकली नाही, तिघांचं महिनाभराचं ड्रेसिंग वाचलं, आणि पिकलेल्या जखमेमागून येणाऱ्या हर्नियाचाही धोका टळला. त्याच्या आदल्या वर्षी अशाच देशांत झालेल्या ‘फाल्कन’ अभ्यासात जंतुनाशक लावलेल्या महागड्या दोऱ्यांचा आणि कातडीला लावायच्या महाग द्रावणाचा काही फायदा दिसला नव्हता. खरेदी समितीसमोर ही दोन्ही कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवली पाहिजेत.

सगळं करूनही काही पोटं फुटतात. साधारण पाचव्या ते आठव्या दिवशी, पेशंट खोकतो किंवा संडासला बसतो आणि पट्टी अचानक गुलाबीसर पाण्याने भिजते. ‘टाक्यातून पाणी सुटलं’ म्हणून नातेवाईक ते पुसून काढतात. हे पाणी साधं नाही. आतला टाका सुटल्याची ती पहिली खूण असते आणि त्या क्षणी डॉक्टरला बोलावलं पाहिजे. घरी असताना आतडं बाहेर दिसलं तर ते आत ढकलू नये, त्यावर पट्टा आवळू नये. पेशंटला पाठीवर झोपवून गुडघे वाकवावेत, स्वच्छ कापड उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून त्यावर झाकावं, तोंडाने काही देऊ नये आणि १०८ला फोन करावा.

याच्या उलट, कधी कधी पोट मुद्दामच उघडं ठेवतात, आणि नातेवाइकांना समजावायला सर्वांत कठीण तेच जातं. आत एवढी सूज असते की जबरदस्तीने शिवलं तर पोटातला दाब वाढून मूत्रपिंडं बंद पडतात, फुप्फुसं उघडत नाहीत. हा दाब लघवीच्या नळीतून मोजता येतो. मूत्राशयात पंचवीस मिली सलाइन सोडायचं, नळी उभी धरायची आणि पाण्याचा स्तंभ किती चढतो ते पट्टीने बघायचं. स्तंभ सत्तावीस सेंटीमीटरच्या वर गेला, म्हणजे पाऱ्याच्या मापाने वीस मिलिमीटरच्या वर, आणि सोबत अवयव थकत असतील तर पोट मोकळं ठेवावं लागतं. यासाठी महागडं मॉनिटर लागत नाही, तालुक्याच्या ठिकाणीही हे जमतं.

उघड्या पोटावर झाकायचं काय, याचं सर्वांत साधं उत्तर कोलंबियातून आलं. बोगोटाच्या सरकारी रुग्णालयात शिकत असलेल्या ओस्वाल्डो बोराएझ यांनी १९८४ मध्ये सलाइनची निर्जंतुक प्लॅस्टिक पिशवी कापून ती पोटाच्या कडांना शिवली. आत काय चाललंय ते दिसतं, आतडी कोरडी पडत नाहीत आणि खर्च जवळजवळ शून्य. ही ‘बोगोटा बॅग’ आज आपल्या सरकारी दवाखान्यांतही वापरतात, कधी युरोबॅग कापून. तिची उणीव अशी की पाणी शोषलं जात नाही आणि पोटाच्या कडा रोज थोड्या थोड्या बाजूला सरकत जातात. १९९० च्या दशकात सक्शनच्या पद्धती आल्या. पातळ प्लॅस्टिक, त्यावर स्पंज किंवा टॉवेल, वर चिकट पारदर्शक आवरण आणि नळी सक्शनला. यंत्र नसेल तिथे भिंतीवरच्या सक्शनवर ही व्यवस्था उभी करतात. मग २००७ मध्ये स्वीडनमधल्या माल्मच्या सर्जनांनी सक्शनच्या जोडीला कडांमध्ये जाळी शिवून ती दर दोन-तीन दिवसांनी मधोमध कापून घट्ट करत न्यायची युक्ती काढली. त्याने जास्त पोटं पूर्ण बंद करता येऊ लागली. तत्त्व एकच: जमलं तर आठवड्याच्या आत बंद करा. त्यापुढे आतडी कडांना चिकटतात, उघड्या आतड्याला भोक पडून तिथून विष्ठा वाहू लागते, आणि ती अवस्था सांभाळायला फार कठीण असते.

उघड्या पोटातून झिरपणाऱ्या दर लिटर पाण्याबरोबर साधारण दोन ग्रॅम नायट्रोजन जातं, म्हणजे बारा-तेरा ग्रॅम प्रथिन. दोन अंड्यांएवढं. अशा पेशंटला नळीने किंवा तोंडाने लवकर खायला घालणं हा उपचाराचाच भाग आहे. ‘ताकद आल्यावर देऊ’ म्हणून थांबायचं नसतं.

पोट एवढं करूनही बंद झालं नाही, तर जखमेवर लाल अंकुर येऊ देतात आणि मांडीची कातडी काढून लावतात. पेशंट वाचतो, पण पोटावर मोठा फुगवटा घेऊन घरी जातो. तो हर्निया सहा महिन्यांपासून वर्षभराने दुरुस्त करायचा असतो. चिमटीत धरल्यावर वरची कातडी आतड्यापासून सुटी झालेली जाणवली की वेळ आली असं समजतात. त्या वेळी पोटाच्या स्नायूंचे थर एकमेकांपासून सोडवून मध्यरेषेत आणतात. ही रीत रामिरेझ यांनी १९९० मध्ये मांडली आणि नंतर मागच्या थरातून ती करण्याची पद्धत नोविट्स्की यांनी २०१२ मध्ये दिली. ही मोठी, नाजूक ऑपरेशन्स आहेत, ज्यांचा हात बसला आहे त्यांनीच करावीत.

हर्नियाच्या दुरुस्तीत टाके की जाळी, हा वाद एके काळी होता. दुसऱ्या एका डच अभ्यासाने तो संपवला. चिरेचा हर्निया नुसत्या टाक्यांनी शिवलेल्यांत दहा वर्षांत ६३ टक्के जणांना तो पुन्हा झाला, जाळी घातलेल्यांत ३२ टक्के जणांना. जाळी लागते, हे ठरलं. पण १९९० च्या दशकात ती परदेशी बनावटीची जाळी गरीब पेशंटला परवडत नव्हती. ह्या प्रश्नाला धुळे जिल्ह्यातल्या एका सर्जनने दिलेलं उत्तर जगभर गेलं, आणि त्याचा अभिमान आपल्याकडे हवा तेवढा दिसत नाही.

दोंडाईचा हे शिंदखेडा तालुक्यातलं, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं, मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं गाव. तिथे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड हर्नियाच्या जाळीसाठी वापरायला सुरुवात केली. कापड पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनच्या मिश्र धाग्याचं होतं, कीटकनाशक न लावलेलं. ते धुऊन, कापून, पाकिटात घालून ऑटोक्लेव्ह करायचं. ग्रामीण सर्जनांच्या संघटनेतल्या आपल्या सहकाऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी हे काम केलं, आणि २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त त्याचा अनेक केंद्रांवरचा अहवाल छापून आला. पुढे आफ्रिकेतल्या अनेक देशांत ही कल्पना वापरली गेली. युगांडामध्ये तीनशे दोन पुरुषांवर झालेला, जांघेच्या हर्नियासाठी स्वस्त जाळी आणि बाजारातली जाळी यांची तुलना करणारा अभ्यास २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला. वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाला हर्निया पुन्हा झाला, दुसऱ्या गटात एकालाही नाही. फरक मोजण्याइतकासुद्धा नव्हता.

यात एक काळजी घ्यायची. ही तुलना जांघेच्या हर्नियाची आहे. फाटलेल्या मध्यरेषेवर येणारा ताण आणि तिथली जखम वेगळी असते, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा चिरेच्या हर्नियाला लावता येत नाही. दुसरं, देशी बनावटीच्या जाळ्या आता पुष्कळ स्वस्त झाल्या आहेत आणि वैद्यकीय उपकरणांचे नियमही कडक झाले आहेत. तेव्हा आज दोंडाईच्याकडून शिकायचं ते कापड कोणतं हे नव्हे. छोट्या गावातल्या सर्जनने आपल्या पेशंटच्या खिशाकडे बघून प्रश्न ठरवला, इतरांना जोडून घेतलं, पेशंटचा पाठपुरावा केला आणि छापून जगासमोर ठेवलं, ते शिकायचं.

आता घर. इथे पहिला अडथळा पथ्याचा. वांगी पू करतात, डाळीने जखम पिकते, अंडं उष्ण, दूध-दह्याने सूज, म्हणून पेशंटला महिनाभर पातळ खिचडी आणि चहा-बिस्किटांवर ठेवणारी घरं खानदेशात जागोजागी आहेत. यात प्रेम आहे आणि नुकसानही. यातल्या एकाही समजुतीला आधार नाही. ऑपरेशनमधून उठलेल्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज दीड ग्रॅम प्रथिन लागतं. पन्नास किलोच्या माणसाला पंचाहत्तर ग्रॅम. ते आपल्या स्वयंपाकघरातूनच निघतं. दिवसभराच्या भाकरींना दीडशे ग्रॅम दादर ज्वारीचं पीठ लागलं तर पंधरा ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरडी डाळ दोन वेळच्या घट्ट वरणात शिजवली तर बावीस. अर्धा लिटर दुधातून सोळा, दोन अंड्यांतून बारा-तेरा, मूठभर शेंगदाण्यांतून सात-आठ. झाले जवळपास पंचाहत्तर. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, म्हणजे ती नुसत्या ज्वारीपेक्षा चांगली. अंडं चालत नसेल तर डाळ आणि दूध वाढवावं. ठेचा आणि शेवभाजीचा तवंग काही आठवडे बाजूला राहिला तरी बिघडत नाही, पण वरणाची वाटी काढून घेऊ नये. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणं हे ड्रेसिंगइतकंच महत्त्वाचं. आणि तंबाखू सुटली पाहिजे, कारण ओढणाऱ्याचा खोकला रोज शेकडो वेळा त्या पट्ट्यावर धक्का देतो आणि निकोटीन जखमेचं रक्त कमी करतं.

दुसरा अडथळा ओझ्याचा. किती दिवस काही उचलू नये, याला पक्का शास्त्रीय पुरावा फारसा नाही. डॉक्टर तीन महिने सांगतात, काही सहा, तर काही सहा आठवड्यांत मोकळीक देतात. चालणं मात्र पहिल्या-दुसऱ्या दिवसापासूनच सुरू झालं पाहिजे, नाहीतर फुप्फुसात कफ साचतो आणि पायात रक्ताची गाठ होते. माझ्या मते सल्ला कामाच्या नावाने दिला पाहिजे, किलोच्या आकड्यात नव्हे. रावेर-यावलच्या मळ्यात केळीचा वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेणारा मजूर, भुसावळकडे मे महिन्यात टँकरवरून भरलेला हंडा आणणारी बाई, कापूस वेचताना कमरेला ओटी बांधून ती पोटावर भरत नेणारी बाई, या प्रत्येकाला वेगळी सूचना हवी. ओटीचं ओझं थेट चिरेवर लोंबतं, हे डॉक्टरच्या लक्षातच येत नाही, कारण त्याने ते विचारलेलं नसतं. घड, हंडा, ओटी तीन महिने नाही. घरातलं स्वयंपाकाचं, निंदणीचं हलकं काम सहा आठवड्यांनी चालेल. अशी सूचना समजते आणि पाळली जाते.

रोजच्या हालचालींच्याही सूचना हव्यात. जमिनीवर अंथरुण असेल तर आधी कुशीवर वळून हाताने रेटून उठावं, सरळ पाठीवरून उठू नये. खोकताना, शिंकताना जुन्या साडीची जाड घडी पोटावर दाबून धरावी. कुंथावं लागणार नाही याची काळजी सुरुवातीपासून घ्यावी, गरज पडली तर रेचक घ्यावं. पोटाच्या पट्ट्याने वेदना कमी होतात आणि चालायला धीर येतो, पण त्याने हर्निया टळतो असं सिद्ध झालेलं नाही. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात चोवीस तास पट्टा आवळून बसलेल्या पेशंटची कातडी घामाने सोलवटते. उठता-चालताना लावावा, झोपताना काढावा, आत सुती कापड घालावं.

ज्यांच्या पोटावर शौचाची पिशवी आहे, त्यांचं पहिलं वर्ष आणखी अवघड. पिशव्या तालुक्याला मिळत नाहीत, मिळाल्या तर महाग, मग लोक प्लॅस्टिकच्या पिशवीला दोरी बांधून काम चालवतात आणि आजूबाजूची कातडी सोलून निघते. पिशवी तात्पुरती असेल तर ती बहुतेक दोन-तीन महिन्यांनी बंद करता येते. ही तारीख घरी जातानाच कार्डावर लिहून दिली पाहिजे, कारण ‘पुढे बघू’ या शब्दांवर माणसं वर्षानुवर्षं पिशवी घेऊन, लग्नकार्य टाळत, घरातच बसलेली असतात.

आणि आयुष्यभर लक्षात ठेवायची एक गोष्ट. पोट एकदा उघडलं की आत आतडी एकमेकांना किंवा चिरेला चिकटू शकतात. त्याचा त्रास महिन्याने होतो, कधी वीस वर्षांनीही होतो. कळा येऊन पोट फुगलं, हिरवट उलटी झाली, वारा सरायचं थांबलं, तर गॅसची गोळी देऊन रात्र काढू नये. जुनी चीर असलेल्या माणसाच्या अशा पोटाला त्याच दिवशी एक्स-रे आणि सर्जन लागतो.

मग हे सगळं कुणी सांगायचं आणि कुणी बघायचं? योजनेतून ऑपरेशन होतं. विम्याची मर्यादा दीड लाखांवरून पाच लाखांवर गेली. पण सहा महिन्यांनी शिरपूरच्या पाड्यावरच्या माणसाचं पोट कसं आहे, याची नोंद कुठेही होत नाही. ओपीडीत तो आला तरी ‘आते बरं शे’ म्हणून उठतो, कारण मागे रांग आहे आणि परतीची गाडी सुटायची आहे. शर्ट वर करून, उभं करून, खोकायला लावून त्याचं पोट कुणी बघत नाही. हर्निया सुरुवातीला उभं राहिल्यावर आणि खोकतानाच दिसतो. निजवून तपासलं तर हमखास निसटतो.

नवा विभाग नको, नवी इमारत नको. धुळे आणि जळगावच्या शासकीय महाविद्यालयांत शल्यचिकित्सेचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठासाठी प्रबंध लिहावा लागतो. त्यातले दोन-तीन जण दर वर्षी आपल्याच वॉर्डातल्या पोटाच्या ऑपरेशन्सना वर्षभर धरून बसले, तर दहा वर्षांत खानदेशाचे स्वतःचे आकडे उभे राहतील. आज आपण नेदरलँड्सच्या आकड्यांवर बोलतो आहोत. घरी जाताना नातेवाइकाचा मोबाइल नंबर घ्यायचा, एक महिना, सहा महिने आणि वर्षाने फोन करायचा, शक्यतो अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या परिचारिकेने. तीनच प्रश्न: जखमेतून काही येतं का, खोकताना पोटावर फुगवटा दिसतो का, आणि कामावर गेलात का. पहिल्या दोहोंपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने त्याला उभं करून बघायचं आणि तारखेसह परत पाठवायचं. जोडीला ऑपरेशन नोटमध्ये दोन ओळी वाढवायच्या: चिरेची लांबी किती, दोरा किती गेला. पुढे कुणाचं पोट सुटलं तर त्या दोन आकड्यांपासून शोध सुरू करता येईल.